बाहेर पडतानाचं पाणी

नायरी गेली हे युअन टेनंटला कळलं तेव्हा त्याचे हात ओले होते. गॅनेट पॉइंटच्या प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही. शहराचा मैला ज्या बंद टाक्यांत कुजत ठेवतात त्यांतून पेट घेणारा वायू सुटतो, म्हणून फोन आणि गाडीची किल्ली फाटकाशी लोखंडी कप्प्यात ठेवायची आणि मगच आत जायचं. बाहेर येताना आधी हात धुवायचे, नंतर कप्पा उघडायचा. नियमच तसा. त्या दिवशी तो सेल्विनबरोबर सकाळभर आत होता. सेल्विन तिथला पाळीप्रमुख. त्याच्या नारिंगी जाकिटाच्या खिशात कायम आल्याच्या बिस्किटांचा पुडा असे, आणि तो फाटकाबाहेर आल्याशिवाय कधी उघडत नसे. वारा कुठून येतो, वास कुठवर पोचतो, हे पाहत दोघे सगळं आवार हिंडले होते, कारण पाहुण्यांसाठी जी इमारत बांधायची होती तिचं दार कुठे ठेवायचं ते वाऱ्यावर ठरणार होतं. समुद्रावरून गार वारा होता. बोटं दुखायला लागली होती. बाहेर आल्यावर बेसिनचं गरम पाणी त्याला इतकं बरं वाटलं, की तो नियमापेक्षा जास्त वेळ हात धूत राहिला. गुलाबी साबण, नखांचा ब्रश, मनगटाच्या वरपर्यंत. कागदी रुमाल संपले होते. त्यानं तसाच कप्पा उघडला, फोन काढला आणि काचेवर बोट टेकवलं, तर ओलं बोट चालेना. पडद्यावर क्वीनीचं नाव एकाखाली एक आलेलं दिसत होतं आणि ते उघडत नव्हतं. त्यानं बोट पँटला पुसलं. क्वीनी म्हणजे त्याच्या बायकोची, नायरीची, थोरली बहीण. पहिल्या निरोपात ती ओरडत होती, "युअन, कुठे कडमडला आहेस? फोन घे. नायरीला हॉस्पिटलात नेलंय." दुसऱ्यात, "घे ना रे फोन, जावई. घे ना." तिसऱ्यात ती बोललीच नव्हती. मागे कुणीतरी म्हातारं माणूस प्रार्थना म्हणत होतं. ती प्रार्थना कधी म्हणतात हे इतक्या वर्षांत त्याला माहीत झालं होतं. सेल्विन मागून म्हणाला, "काय रे, घरून शिव्या का?" आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला.

भाजी आणायला गेली होती. पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या, पुढे येऊन बसली, पट्टा लावला आणि गाडी सुरू केलीच नाही. शेजारच्या गाडीतल्या बाईला वाटलं झोप लागली असेल. हे सगळं नंतर कळलं. पण युअनच्या मनात पुढे कधीही तो दिवस आला की गाडीतली नायरी दिसत नसे, कारण ती त्यानं पाहिलीच नव्हती. दिसायचे ते आपलेच हात, गुलाबी फेसातले, आणि ते गरम पाणी, जे त्याला बरं वाटत होतं. ती गेली तेव्हा मला बरं वाटत होतं, असं वाक्य त्याच्या मनात तयार झालं आणि तिथंच राहिलं. ते खरं होतं की नाही, वेळा जुळत होत्या की नाही, हे त्यानं तपासलं नाही. हॉस्पिटलात कुणीतरी त्याच्या हातात त्या भाजीच्या पिशव्या दिल्या. वाटाण्याचा गोठवलेला पुडा वितळून मऊ झाला होता. तो त्यानं घरी नेऊन परत गोठवायला ठेवला. एकदा वितळलेलं परत गोठवू नये हे नायरी त्याला हजारदा सांगायची.

मग तिला तिच्या माणसांनी, नदीकाठच्या मूळ रहिवाशांनी, नेलं. नदीच्या मुखाशी त्यांचं सभाघर आहे, तिथं ती उघड्या पेटीत होती. बायका काळे कपडे घालून दोन्ही बाजूंना बसल्या होत्या आणि लोक येत होते, रडत होते, तिच्याशी बोलत होते, तिला रागवतही होते, की अशी कशी गेलीस न सांगता. युअन भिंतीला टेकून बसला होता. त्याचं स्वतःचं घर स्कॉटिश, थंड. त्याची आई गेली तेव्हा सगळं उरकायला एक दुपार पुरली होती, आणि नंतर सँडविच होती. इथं रात्रीही कुणी तिला एकटं सोडत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो अशा मौतीला आला तेव्हा त्याला हे सगळं फार वाटलं होतं. आता वाटत होतं, हे संपू नये. संपलं की घरी जावं लागेल. शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत तिला ठेवलं, आणि प्रत्येकानं मूठभर माती टाकली. माती ओलसर होती, काळी, मधे शिंपल्यांचा चुरा असलेली. त्याच्या नखांत ती गेली. परतताना फाटकाशी नळ आहे. बागेत असतो तसा, लाकडी खांबाला ठोकलेला, आणि त्यावर आइस्क्रीमचा एक प्लास्टिकचा डबा उपडा टांगलेला असतो. डबा भरायचा, हातांवर घ्यायचं, डोक्यावर थोडं शिंपडायचं, मग फाटकाबाहेर पाऊल टाकायचं. मेलेल्यांच्या बाजूला होतात, आता जिवंतांच्या बाजूला आलात. हे लहान पोरांनासुद्धा माहीत असतं. युअननं ते आजवर कितीतरी मौतींना केलं होतं, विचारही न करता, पायपुसण्याला पाय पुसावेत तसं. त्या दिवशी तो नळापाशी आला, पाण्याचा आवाज ऐकला, आणि चालत पुढे गेला. हात त्यानं कोटाच्या खिशात घातले होते. खाली जेवणघरात लांब टेबलांवर मटण होतं, भाजलेली रताळी होती, तव्यावरची जाड पोळी होती. त्याच्यापुढे ताट आलं. तो काट्यानं जेवला, की हातांना काही लागू नये.

माती अर्थात राहिली नाही. घरी आंघोळ झाली, भांडी घासली, नखं वाढली, कापली. हात बघितले तर कुणाचेही असावेत तसे होते.

कामावर तो लगेच गेला. त्याच्या आणि जिलियनच्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात बाकी काय चाललं आहे याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता. जिलियन वयानं लहान, हुशार, ती सगळं सांभाळत होती आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती, जणू तो झोपलेला आहे. त्याच्याकडे फक्त गॅनेट पॉइंटची इमारत होती. शहरात या इमारतीची टिंगलच होत असे. संडासाचा राजवाडा म्हणायचे. सेल्विन तर फोनवरसुद्धा विचारायचा, "काय, राजवाडा कुठवर आला?" आणि नायरी, ती सुरुवातीलाच म्हणाली होती, "लोक बायकोच्या नावानं महाल बांधतात. माझ्या नवऱ्याला मिळालं काय, तर शहराचा संडास." पण तिला ही इमारत हवी होती. तिच्या आजीच्या काळापासून शहराची घाण नळातून सरळ समुद्रात जायची, नेमकी तिच्या माणसांचे शिंपले वेचायचे खडक होते तिथं. तिची आजी त्या खडकांवर परत कधी गेली नाही. नवा प्लांट बांधायला लावला तो याच लोकांनी, वर्षानुवर्षं भांडून. आता शाळेतल्या पोरांनी येऊन पाहावं, आपण जे ढकलून देतो ते कुठं जातं आणि त्याचं काय होतं, म्हणून ही इमारत. आणि म्हणून नदीच्या माणसांनी होकार दिल्याशिवाय नगरपालिका एक वीटही लावणार नव्हती. त्यांच्या वतीनं समितीवर क्वीनी होती. तिनं जन्मभर शाळेची बस चालवली होती आणि तिचा आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जायचा.

रेखाटन, दाराची जागा सोडली तर, नायरी असतानाच पुरं झालं होतं. पाहुणे एका टोकानं शिरतात. उंचावरच्या वाटेनं जातात, खाली जाळ्या, ज्यांत चिंध्या, काड्या, पोरांची खेळणी, एकदा तर दातांची कवळी अडकली होती. मग बुडबुड्यांच्या टाक्या, मग निवळणीच्या गोल टाक्या, ज्यांच्यावर लांब दांडा इतका हळू फिरतो की फिरतोय हे उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही, मग तळं आणि पक्षी. आणि शेवटी बाहेर पडायचा लांब बोळ, त्यात ओळीनं बेसिनं. इथं त्याची करामत होती. बेसिनांखालचा पाइप काचेसारखा पारदर्शक. पोरं हात धुतील, त्यांच्या हातांचं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत पाइपातून वाहत जाईल, भिंतीतून पार, आणि जिथून सगळं सुरू झालं त्या जाळ्यांवर जाऊन पडेल. वर्तुळ पुरं. जिलियनला हे फार आवडलं होतं. नगरपालिकेलाही. त्यानं तो कागद घरी नेला आणि नायरीला दाखवला. ती ओट्याशी फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, चमच्यानं सोलत होती, अर्धी तिथंच खात होती. जेवणाच्या टेबलावर त्यानं कागद पसरला तशी तिनं एक भुवई वर केली. टेबलावर डोक्याची टोपी ठेवायची नाही, त्यावर बसायचं नाही, आणि संडासाचा नकाशाही पसरायचा नाही, हे त्याला कळायला हवं होतं. त्यानं कागद भिंतीला धरला. ती चमचा हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी परत आत का?" तो म्हणाला, "अगं, तोच तर मुद्दा आहे." ती म्हणाली, "हं." मग, "क्वीनीला विचार एकदा." आणि परत फिजोआ सोलायला लागली. तिनं पाहिलेलं ते त्याचं शेवटचं रेखाटन. त्यानं क्वीनीला विचारलं नव्हतं.

नाकाचं असं आहे, की प्लांटमध्ये शिरताना वास येतो आणि थोड्या वेळानं येईनासा होतो. वास असतोच, नाक सोडून देतं. सेल्विनला तर वर्षानुवर्षं वास आलेलाच नाही. त्याची बायको त्याला पडवीत कपडे काढायला लावते. युअनला याची भीती वाटायला लागली होती. नायरीच्या बाजूची उशी त्यानं बदलली नव्हती. तिच्यात तोंड घातलं की पहिल्या क्षणी ती असायची आणि पुढच्या क्षणी नुसता कापूस. म्हणून तो उशीकडे जाणं लांबवायचा, एक दिवसाआड, मग आणखी लांब, की नाकानं विसरावं आणि परत नव्यानं ओळखावं. अंगणात फिजोआ पडून सडत होते. ते गोळा करायचं तिचं काम. सगळ्या गल्लीला पिशव्या भरभरून वाटायची, लोक तिला येताना पाहून दार लावून घेतात अशी तीच थट्टा करायची. आता घराभोवती गोड, कुजका वास होता. हा वास मात्र त्याचं नाक का सोडून देत नव्हतं, हे त्याला कळत नव्हतं. क्वीनी अधूनमधून यायची. गाडी दाराशी लावायची, काच खाली करून बोलायची. "जेवलास का?" "हो." "काय?" "टोस्ट." "टोस्ट म्हणजे जेवण नव्हे, बाबा." मागच्या सीटवरून काहीतरी झाकलेलं भांडं काढून द्यायची. तो म्हणायचा, "आत ये ना. चहा टाकतो." ती म्हणायची, "नको. घाई आहे." निवृत्त बाई, तिला कसली घाई असणार. पूर्वी ती येऊन ओट्यावरचा डबा स्वतः उघडून बिस्किटं खायची. त्याला वाटलं, रागावली आहे. फोन न घेतल्याबद्दल. वाजवी होतं.

मग समितीची बैठक झाली. नगरपालिकेच्या खोलीत, लांब टेबलाभोवती. आधी प्रार्थना, मग कामकाज. युअननं रेखाटनं भिंतीवर लावली आणि सांगायला लागला. तो चांगला सांगतो अशी त्याची ख्याती होती. त्या दिवशी तो फक्त वाक्यं एकापुढे एक ठेवत होता. जाळ्या झाल्या, टाक्या झाल्या, तळं झालं. बेसिनांचा बोळ आला. पारदर्शक पाइपावर त्यानं बोट ठेवलं, आणि मागून नायरी म्हणाली, "पाणी परत आत का?"

त्याचं बोट तसंच राहिलं. दोघी बहिणींचे आवाज सारखे होते हे त्याला माहीत होतं. फोनवर तो नेहमी चुकायचा, आणि दोघी मुद्दाम त्याला खेळवायच्या. पण क्वीनी एरवी मोठ्यानं बोलायची, म्हणून फरक राहायचा. आज ती हळू बोलली होती. त्यानं वळून पाहिलं नाही. वळलं तर क्वीनी असणार होती. न वळता जितका वेळ उभं राहता येईल तितका वेळ तो उभा राहिला. जिलियननं सावरून घेतलं, म्हणाली, "तीच तर कल्पना आहे आंटी, की आपलं पाणी कुठं जातं ते दिसावं." क्वीनी आता तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ते कळलं गं पोरी. पण पोरं हात कशासाठी धुणार? आतलं आत सोडून यायला. तुम्ही ते त्यांच्यासमोर परत आत घालताय. मग सुटलं काय? गोल गोल. माझ्या नातवाला मी यातून बाहेर आणायचीच नाही मग, तिथंच राहू दे, फिरू दे." कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, हा महत्त्वाचा मुद्दा आहे. जिलियन म्हणाली, अडचण अशी की प्रत्येक बेसिन गटाराला जोडावंच लागतं, कायदा आहे, आणि गटार तर इथं येऊनच संपतं. क्वीनी म्हणाली, "कायदा तुम्ही बघा. माणसं धुवून निघाली पाहिजेत आणि पाणी मातीत गेलं पाहिजे. तेवढं दाखवा, मी हो म्हणते. नाही दाखवलंत तर नाही म्हणते. बाकी इमारत चांगली आहे, जावई. छान आहे." सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो म्हणाला, पुढच्या बैठकीत नवं रेखाटन आणतो. नंतर चहा आला. क्वीनीनं दोन कप चहा घेतला आणि तीन बिस्किटं खाल्ली. तिथं तिला घाई नव्हती.

रेखाटन होईना. काम म्हणून बघायला गेलं तर क्षुल्लक होतं, विद्यार्थ्यानं दुपारभरात केलं असतं. तो बोळाचा कागद पुढे घ्यायचा आणि त्याला वाटायचं, इथं पेन्सिल लावली की नायरीनं पाहिलं ते जाईल. भिंतीला धरलेला तो कागद, चमचा हातात घेतलेली ती, तिचं ते "हं". तिच्या "हं" ला त्यानं काय अर्थ लावला होता? पटलं, असा. आता तो ऐकायचा तेव्हा तो "हं" वेगळा वाटायचा. आणि पाणी परत आत का, हे ती नेमकं कशाबद्दल म्हणाली होती, ते विचारायची सोय नव्हती. त्यानं बेसिनं बोळाच्या सुरुवातीला नेली. मग परत शेवटी. मग दोन पाइप काढले. मग सगळी बेसिनंच खोडली आणि बोळ नुसता ठेवला, लांब, मोकळा, कुठं न थांबता माणसं त्यातून बाहेर पडतात असा. त्याला तो बरा वाटला. जिलियननं येऊन पाहिलं आणि विचारलं, "युअन, हात कुठे धुवायचे?" तो म्हणाला, "घरी धुतील." तिनं कागद आपल्याकडे वळवून घेतला. मग म्हणाली, "तुला नको असेल तर मी करू का हे?" तो नको म्हणाला, इतक्या घाईनं, की तिनं माफी मागितली.

प्लांटवर पुन्हा माप घ्यायला जायचं होतं. क्वीनीनं फोन करून सांगितलं, मीही येते, मला जागा बघायचीय. तिघे फिरले, सेल्विन पुढे. क्वीनीला नारिंगी जाकीट पुरत नव्हतं. ती म्हणाली, "माणसांच्या मापाची ठेवत नाही का रे? पाहुणे काय सगळे काडीपैलवान येणार?" सेल्विन म्हणाला, "आंटी, याच्याहून मोठं म्हणजे तंबूच." ती त्याच्या पाठीत एक ठेवून हसली. तळ्याशी ती बराच वेळ थांबली. काळी बदकं होती. पाणी तिथून पाणथळीतून मातीवरून झिरपत मग समुद्राला जातं, यासाठीच तिच्या काकांनी कोर्टात अर्धं आयुष्य घातलं होतं. "खडकांवर परत शिंपले धरतायत," ती म्हणाली. "अजून खायचा धीर होत नाही. पण धरतायत." परत फाटकाशी आले. सेल्विननं हात धुतले, क्वीनीनं धुतले. युअन कप्प्याकडे गेला. त्या दिवसापासून तो इथं खिशातली जंतुनाशकाची बाटली वापरायचा, दोन थेंब चोळायचा, आणि सेल्विन नियम मोडलेला दिसत असूनही काही बोलायचा नाही. आजही तो "गाडी बघतो" म्हणून निघून गेला.

क्वीनी बेसिनशीच होती. हात झटकत म्हणाली, "इथंही नाही का?"

तो म्हणाला, "काय?"

"काय काय? तिकडे वर नाही, इथं नाही. मी डबा भरून उभी होते, युअन. नळाशी. तू माझ्यासमोरून गेलास."

त्याला ती दिसली नव्हती. नळाचा आवाज आठवत होता, खांब आठवत होता, डबा आठवत होता. डबा कुणाच्या हातात होता हे आठवत नव्हतं. तो म्हणाला, "सगळ्यांनी पाहिलं?"

"म्हातारी माणसं डोळे मिटून चालतात काय? हेमी मामा तुला हाक मारणार होते. मी म्हटलं, राहू दे, येईल परत. त्याचं त्याला कळेल. पाणी गवतावर ओतून टाकलं. आता किती वाट बघू?" मग आवाज खाली आणून, त्या दुसऱ्या आवाजात, "तुझं सुतक फिटलेलं नाही, बाबा. ते घेऊन तू तसाच घरात शिरलास. मी तुझ्या घरात चहा कसा पिऊ? मला काय आवडतं का गाडीत बसून बोलायला? गुडघे दुखतात माझे."

"मला वाटलं तू रागावली आहेस. फोनवरून."

"फोन?" ती खरंच गोंधळली. "फोनचं काय?" मग तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अरे वेड्या." आणि हात पुसत, "घेतला असतास तरी ती गेलीच होती. मी पहिला फोन केला तेव्हाच गेली होती. मला माहीत होतं, तुला फक्त हळूहळू सांगायचं होतं."

हे तिनं सहज सांगितलं. तो बेसिनकडे पाहत होता. म्हणजे पाणी गरम होतं तेव्हा, फेस होता तेव्हा, सगळं आधीच झालेलं होतं; किंवा त्याच्याही आधी, तो आणि सेल्विन वाऱ्याकडे तोंड करून उभे होते तेव्हा. मनात ठाण मांडलेलं ते वाक्य त्यानं काढून पाहिलं. ते खोटं निघालं असावं. पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. त्या वाक्यात निदान दोघं एकाच वेळी काहीतरी करत होती. तो म्हणाला, "माती होती. नखांत. मला ती धुवायची नव्हती." क्वीनी म्हणाली, "सगळ्यांच्याच असते." मग म्हणाली, "नखातली मातीच ना ती. नायरी नव्हे." बोलताना तिचा चेहरा वाकडा झाला, आणि तिनं तोंड फिरवून नाक पुसलं.

"हात तर मी रोज धुतोच," तो म्हणाला. आपण पोरासारखं बोलतोय हे त्याला कळत होतं.

"शंभरदा धू. घरच्या बेसिनात ते जात नाही. जिथलं तिथं टाकावं लागतं."

घरी येऊन त्यानं कोरा कागद घेतला. पारदर्शक पाइपाचा कागद त्यानं खोडला नाही, गुंडाळून कपाटात ठेवला. बोळ जिथं संपतो तिथलं छप्पर त्यानं कापलं. शेवटची काही पावलं उघड्यावर. भिंती संपतात, पण दार अजून यायचं आहे, अशी जागा. तिथं बेसिन काढलं नाही. लाकडी खांब काढला, खांबाला नळ. खाली नदीतले गोटे, गोट्यांखाली वाळू, वाळूखाली माती. पाइप नाही. बेसिनला गटार लागतं. बागेच्या नळाला लागत नाही, कुठल्याच कायद्यानं. इतकं साधं होतं ते. पेन्सिल थांबत नव्हती. खांबाची उंची किती असावी हे त्याला ठरवावं लागलं नाही, हाताला माहीत होती. नळाशेजारी खिळा. खिळ्याला डबा. डब्यावर त्यानं आइस्क्रीमचं लेबलही काढलं, मग पुसलं, मग परत काढलं. संपल्यावर त्यानं कागद भिंतीला धरला, सवयीनं, आणि ओट्याकडे वळला. ओट्यावर काल रात्रीची बशी होती.

क्वीनीनं समितीत ते रेखाटन पाहिलं आणि एकदाच मान हलवली. "आता बरोबर." अध्यक्षांनी डब्याबद्दल विचारलं, त्याऐवजी काही शोभेसं ठेवता येईल का. क्वीनी म्हणाली, "डबा राहू दे. त्या डब्यानं आमची चार पिढ्यांची माणसं वाटेला लावलीत." जिलियननं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि लगेच काढला. बाहेर गाडीशी क्वीनीनं विचारलं, "रविवारी वर येतोस का? मी येते सोबत. दोघं येऊ, दोघं निघू." तो म्हणाला, "बघतो." ती म्हणाली, "बघ."

रविवारी तो एकटाच गेला. क्वीनीला कळवलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली आणि चढून फाटकापर्यंत गेला. वारा पडला होता. खांब तिथंच होता, आणि त्यानं काढलेल्या खांबापेक्षा थोडा बुटका होता, थोडा कलता. नळ ठिबकत होता; खाली तेवढंच गवत हिरवंगार झालं होतं. डबा खिळ्याला होता. हात लांब केला असता तर फाटकाच्या या बाजूनंही नळापर्यंत पोचला असता. पण ते पाणी बाहेर पडणाऱ्यासाठी आहे. त्यासाठी आधी आत जावं लागतं, तिच्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं, काहीतरी बोलावं लागतं, आणि मग तिला तिथं ठेवून वळावं लागतं. तो फाटकावर हात ठेवून उभा राहिला. खालच्या रस्त्यानं कुणीतरी गाडीतून जाताना त्याला ओळखून हॉर्न दिला. त्यानं हात वर केला. मग तो टेकडी उतरला.

इमारतीला होकार मिळाला आहे. खांबासाठी लाकूड ठरलं आहे, गोटे नदीतून आणायचे ठरले आहेत, ते कुणी निवडायचे तेही क्वीनीनं ठरवलं आहे. अंगणातले फिजोआ संपले. युअन अजून फाटकाच्या आत गेलेला नाही. हात धुवायचे राहिले आहेत.